चोवीस चेंडू आणि अकराजण

भातकापणी उरकली, झोडणी झाली, पेंढा घरी गेला की अलिबाग तालुक्यातल्या गावांत दोन कारणांसाठी शेतं मोकळी हवी असतात. एक वालासाठी, दुसरं क्रिकेटसाठी. जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल येतो आणि त्याच ओलीत पिच बसवावं लागतं. उशीर झाला की जमीन तडकते, मग ना वाल ना पिच. ज्याचं शेत मैदानात जातं त्याचा वालाचा हंगाम बुडतो. ऐन पोपटीच्या, म्हणजे मडक्यात वालाच्या शेंगा भाजायच्या दिवसांत त्याच्या घरी शेंगा दुसऱ्याच्या शेतातून येतात. हा माणूस मैदानाचं भाडं मागत नाही आणि त्याचं नाव कुठल्या फलकावर लागत नाही. गावच्या क्रिकेटबद्दल लिहायचं तर आधी त्याचं ऋण मान्य करावं आणि मग षटकार-चौकारांकडे वळावं.

पिच करतात ते खळं करतात तसंच. बावीस यार्डांच्या पट्ट्यातली भाताची खुंटं कुदळीनं काढायची, ढेकळं फोडायची, पाणी सोडून रात्रभर मुरू द्यायचं. दुसऱ्या दिवशी माती पायाला चिकटेनाशी झाली की चोपण्यांनी चोपायची, वरून शेणाचा पातळ हात फिरवायचा आणि वाळत आल्यावर रोलर. रोलर मिळाला नाही तर सिमेंटचा पाइप दोराला बांधून ओढतात. शेवटी फक्कीच्या रेघा. हे काम चांगलं झालं की टेनिसचा जड चेंडू मांडीच्या उंचीला सरळ येतो. घाईत केलं तर तो एकदा गुडघ्याखाली राहतो आणि एकदा कपाळाकडे उसळतो.

अशाच एका गावात यंदा वाद लागला. मंडळाच्या मैदानावर जानेवारी-फेब्रुवारीतले चार शनिवार-रविवार मोठ्या बक्षिसांच्या खुल्या स्पर्धांसाठी मागितले आहेत. द्यायचे की नाहीत? एका बाजूला गुरुजी. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, मंडळाचं स्कोअरबुक आजही स्वतःच्या हातानं लिहिणारे. दुसऱ्या बाजूला त्यांचाच विद्यार्थी. कंपनीत ठेकेदाराकडे कामाला आहे आणि गाव त्याला कप्तान म्हणतं. ऐकणाऱ्याला वाटेल, म्हातारा आठवडी मॅचच्या बाजूनं असेल आणि पोरगा बक्षिसाच्या. इथे उलट आहे. दोघांचं बोलणं मी समोर बसून ऐकलं. दोघांचंही म्हणणं मला पोटतिडकीचं वाटलं, म्हणून ते बऱ्यापैकी जसंच्या तसं देतो.

गुरुजी : चार आठवडे दिले तर काय बिघडतं? सोळा संघ, त्यांची प्रवेश फी, वर एखादा देणगीदार. मागच्या स्पर्धेच्या पैशातून स्मशानभूमीवर पत्रे पडले. त्याआधी पावसाळ्यात सरण विझायचं आपल्याकडे.

कप्तान : ठाऊक आहे, गुरुजी. ते पत्रे चढवायला मीच होतो. पण हंगाम बघा ना केवढा आहे. अर्धा डिसेंबर पिच करण्यात जातो. मार्चला परीक्षा, एप्रिल-मेमध्ये लग्नं आणि पालख्या. त्यातले चार आठवडे दुसऱ्यांना दिले तर आपली पोरं खेळणार कधी?

गुरुजी : स्पर्धेत खेळतील की! यजमान संघाला प्रवेश असतोच.

कप्तान : खेळतील, पण किती चेंडू?

त्यानं गुरुजींचंच स्कोअरबुक पुढे ओढलं आणि मागच्या हंगामाची पानं उघडली. निळ्या शाईतली सुबक अक्षरं, प्रत्येक चेंडूला टिंब किंवा आकडा, बाद झाल्याची खूण तांबड्या शाईत. सातव्या क्रमांकावर एकाच मुलाचं नाव ओळीनं येत होतं आणि त्याच्यापुढे प्रत्येक पानावर एक आडवी रेघ होती. फलंदाजी नाही. गोलंदाजीच्या रकान्यातही त्याचं नाव नव्हतं.

चार षटकांच्या सामन्याचा हिशोब साधा आहे. एका डावात चोवीस चेंडू. पहिले दोघं जमले तर बाकीचे नऊजण पॅव्हेलियन म्हणून बांधलेल्या ताडपत्रीखाली टाळ्या वाजवतात. एकानं एकच षटक टाकायचं असल्यामुळे चेंडू चौघांच्या हाती जातो. उरलेले सातजण फक्त क्षेत्ररक्षण करतात. पहिल्याच फेरीत हरलं की शनिवारी सकाळी दहाला सगळं संपतं. मग दोन दिवस आपल्याच शेतात, आपणच चोपलेल्या पिचवर, दोरीबाहेर बसून परक्यांचे षटकार बघायचे. ध्वनिक्षेपकावर समालोचक घसा फोडून सांगत असतो, चेंडू गेला बांधापलीकडे! आणि तो चेंडू शोधायला यजमान गावातली पोरं काट्याकुट्यात धावत असतात.

गुरुजी : रेघ दिसते ती खरी आहे. पण रेघेवरची नावंही बघ. आपला सलामीचा पोरगा आज पनवेल-उरणपर्यंत खेळायला बोलावला जातो. येण्याजाण्याचं सोड, हातात चार पैसेही पडतात. सीझन बॉलच्या क्रिकेटमध्ये त्याला कोणी उभं केलं असतं? बॅट, पॅड, हेल्मेट यांचाच खर्च बापाच्या महिन्याच्या कमाईएवढा. शार्दूल ठाकूर पालघरहून किटबॅग घेऊन लोकलनं मुंबईला जायचा, ते आपण कौतुकानं सांगतो. पण पालघरला लोकल आहे, बाबा. आपल्याकडे मांडव्याची बोट. पहाटेच्या नेटला कोण पोचणार? टेनिसचा चेंडू ही खेड्यानं स्वतः काढलेली वाट आहे. 2024 मध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर टेनिस बॉलची टी-10 लीग झाली, शहरांच्या नावाचे संघ, खेळाडूंचा लिलाव, सगळं रीतसर. तिथे खेळलेली पोरं तुझ्या आळीतल्या मॅचमधून नाही गेली. अशाच चषकांमधून गेली.

कप्तान : गेली, आणि मला त्यांचा अभिमान आहे. पण गेलेला एक आणि मागे राहिलेले अठरा, यांत गावानं कुणाचं बघायचं? त्या एकाला बोलावणारे पुष्कळ आहेत. सातव्या नंबरच्या पोराला आपल्याशिवाय कोण आहे? तो आठवडाभर कोळंबीच्या कारखान्यात गारठलेल्या हातांनी काम करतो. त्याला रविवारी दहा चेंडू खेळायचे आहेत. आउट झाला तर झाला. पण गार्ड घेऊन, अंपायरला लेगस्टंप विचारून, बॅट आपटून उभं राहायचं आहे.

इथे मी मध्ये बोलतो. कप्तानाच्या या मुद्द्याचं वजन गाव सोडून राहिलेल्या माणसाला पटकन कळत नाही. मुंबईत मैदान दुर्मिळ, म्हणून खेळायला मिळणं ही चैन. गावात जागा आहे, पिच आहे, माणसं आहेत, तरी खेळायला मिळत नाही. याला टंचाई म्हणता येणार नाही. कुणाला खेळवायचं हे गावानंच ठरवलेलं असतं.

गुरुजींनी चष्मा पुसला आणि ते आपल्या आवडीच्या मुलखात शिरले.

गुरुजी : तुम्हा पोरांना वाटतं, खेळात पैसा आत्ता शिरला आणि पूर्वी सगळं निर्मळ होतं. ज्याला गावक्रिकेटचं माहेर म्हणतात ते इंग्लंडचं हॅम्बल्डन घे. अठराव्या शतकात त्या हॅम्पशायरमधल्या खेड्याचा क्लब सगळ्या इंग्लंडच्या संघाला भारी पडायचा. 1777 साली तर एक डाव आणि 168 धावांनी हरवलं. घरचं मैदान ब्रॉडहाफपेनी डाउनचा माळ, समोर खाणावळ, खाणावळीचा मालक रिचर्ड नायरन हाच संघाचा म्होरक्या. पण सामने लागायचे पाचशे-पाचशे गिनींच्या पैजांवर, आणि खेळाडूंना खेळण्याचे पैसे मिळायचे. सरदार-दरकदार पैसा ओतायचे म्हणून ते खेडं मोठं झालं. पैशाला नावं ठेवू नकोस.

कप्तान : पैशाला नाही ठेवत. पण आज तिथे काय चालतं?

गुरुजी : आजही चषक आहेच. 1972 पासून खेड्यांची राष्ट्रीय स्पर्धा आहे आणि तिची अंतिम लढत लॉर्ड्सवर असते. पहिल्या वर्षी कॉर्नवॉलमधल्या ट्रून नावाच्या खेड्यानं ती जिंकली, पुढच्या वर्षी पुन्हा. चषक नसता तर ट्रूनचं नाव तुला-मला कशाला कळलं असतं?

कप्तान : बरोबर. पण त्या खेड्यातल्या क्लबांना दुसरा संघ असतो, जमलं तर तिसराही. शनिवारी पहिला संघ एकीकडे आणि दुसरा दुसरीकडे. बाप आणि पोरगा एकाच तिसऱ्या संघात. सगळा उन्हाळा हे चालतं आणि त्याच्या डोक्यावर चषक येतो. आधी पाया, मग कळस. आपल्याकडे नुसते कळस विकत आणतात, गुरुजी. आमदार चषक, सरपंच चषक, अमुक स्मृती चषक. खाली देऊळच नाही.

गुरुजी गप्प झाले नाहीत. गप्प होणं त्यांच्या स्वभावात नाही. पण त्यांनी विषय वळवला तो अशा ठिकाणी की माझ्या मते सगळ्या वादाचं मर्म तिथे होतं.

गुरुजी : समजा, तुझं ऐकलं. चषक नको, दर रविवारी गावातल्या गावात मॅच. संघ कसे पाडणार?

कप्तान : आळीवार. वरची आळी, खालची आळी, पाड्यावरची पोरं, बंदराकडची पोरं. जुळतंच आहे ते.

गुरुजी : जुळतंय म्हणूनच मला भीती वाटते. आपल्याकडे आळी म्हणजे काय ते तुला माहीत आहे. आळी म्हणजे जात. पाडा म्हणजे आदिवासी. बंदर म्हणजे कोळी. तू दर रविवारी जातीविरुद्ध जात उभी करणार आणि त्याला खेळीमेळी म्हणणार? मुंबईनं हे करून पाहिलंय. हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन, अशी चौरंगी लढत. 1937 पासून उरलेल्यांचा पाचवा संघ, म्हणून पंचरंगी. गर्दी तुडुंब, खेळ उत्तम. पण 1940 मध्ये गांधीजींनी जमातवार संघांना विरोध केला आणि स्वातंत्र्याच्या तोंडावर ते सामने बंदच पडले. विजय मर्चंट, हजारे यांच्यासारखे खेळाडू ज्या सामन्यांत गाजले, ते बंद झाल्याचं मला वाईट वाटत नाही. तू ते आपल्या शेतात पुन्हा सुरू करू नकोस.

कप्तानाला हे लागलं. तो बराच वेळ फक्कीच्या पिशवीची गाठ सोडत बांधत राहिला. मग म्हणाला,

कप्तान : मग चिठ्ठ्या टाकू. जो शनिवारी रात्री नाव देईल त्याची चिठ्ठी. डब्यातून काढायच्या, एक इकडे, एक तिकडे. या रविवारी माझ्याविरुद्ध खेळलेला पुढच्या रविवारी माझ्याबरोबर. वीटभट्टीवरची पोरंही आली तर येऊ दे. ‘एक गाव एक संघ’वाल्या स्पर्धेत आधारकार्डावरचा पत्ता बघतात. बारा वर्षं इथे राहिलेला पोरगा बाहेरचा ठरतो आणि मुंबईत जन्मलेला, वर्षातून दोनदा येणारा गावचा ठरतो. चिठ्ठीला पत्ता नसतो.

गुरुजी : चिठ्ठीत जिंकण्याची ईर्ष्या राहते का? ती गेली की खेळ मेला. आणि ईर्ष्येनं काय होतं ते सांगतो. पालवणकर बाळू. आपल्या कोकणातल्या पालवण गावचं घराणं, चांभार समाजातलं. पुण्यात युरोपियन लोकांच्या क्लबात पिचवर रोलर फिरवणं, जाळी बांधणं हे त्याचं काम. साहेब सरावाला आला की बाळूनं गोलंदाजी टाकायची. डावखुरी फिरकी अशी की पुण्यातल्या हिंदू क्लबाला तो हवासा वाटला. का? समतेसाठी नव्हे. साहेबाच्या क्लबाला हरवायचं होतं म्हणून! जिंकण्याच्या भुकेनं सोवळ्यातल्या लोकांना त्याच्या हातातला चेंडू शिवायला लावलं. पुढे 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यानं 114 बळी घेतले. स्पर्धा नसती तर तो रोलरच ओढत राहिला असता.

कप्तान : पूर्ण सांगा, गुरुजी. तुम्हीच आम्हाला शाळेत पूर्ण सांगितलं होतं. त्या क्लबात साहेबांना तासन्‌तास चेंडू टाकताना बाळूंच्या हातात बॅट कधी दिली का?

गुरुजी : नाही.

कप्तान : आणि हिंदू क्लबात चहाची वेळ झाली की?

गुरुजी : बाहेर. मातीच्या भांड्यात.

कप्तान : म्हणजे सामना चालू असेपर्यंत तो आपला, चहाला परका. कप्तानपदावर नेमलं का? नाही. ते 1923 साली धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं. जिंकण्याच्या गरजेनं दार उघडलं हे खरं. पण गरजेपुरतंच उघडलं. मला उरलेलं दार उघडायचंय. ते चषकानं उघडत नाही. दर रविवारी एकाच ताडपत्रीखाली एकाच किटलीतला चहा प्यायला लागतो.

हे ऐकताना मला स्कोअरबुकातली ती आडवी रेघ आठवली. ज्याला मैदान नीट करायला, चेंडू टाकायला, शोधून आणायला बोलावतात आणि बॅट मात्र देत नाहीत, असा माणूस क्रिकेटच्या इतिहासात नवा नाही. मी या वादात कप्तानाच्या बाजूनं आहे, हे लपवत नाही. खेड्यातल्या क्रिकेटवर आज पैसा येतो, थेट प्रक्षेपण येतं, मालिकावीराला मोटरसायकल मिळते, याचा मला आनंद आहे. वर्षानुवर्षं हे खेळाडू कुणाच्या खिजगणतीत नव्हते. पण मैदान ज्या गावाचं, त्या गावातल्या निम्म्याहून अधिक पोरांना हंगामभर दोरीबाहेर बसवून तो आनंद मिळत असेल, तर किंमत फार झाली. मात्र गुरुजींचा पंचरंगीचा इशारा मी कानाआड करणार नाही. तो मिळाला नसता तर कप्तानाचे रविवार आळ्या-आळ्यांत भांडणं लावून फेब्रुवारीतच आटोपले असते. चिठ्ठीची कल्पना त्या विरोधातून निघाली आहे, आणि चिठ्ठीतला संघ हे मी गावक्रिकेटमध्ये अलीकडे ऐकलेलं सगळ्यात महत्त्वाचं पाऊल आहे.

पुढची बोलणी तपशिलाची झाली.

गुरुजी : बरं, नियम काय ठेवणार? चार षटकं नकोत, मग किती?

कप्तान : बारा. दोन षटकांपेक्षा जास्त कुणी टाकायची नाहीत, म्हणजे निदान सहाजणांच्या हातात चेंडू जातो. आणि पंचवीस धावा झाल्या की फलंदाजानं बाहेर यायचं.

गुरुजी : हे मात्र मला अजिबात मान्य नाही! पंचवीसला चढलेल्या पोराला खाली ओढणार? शेवटच्या दोन षटकांत सामना ओढून काढायचं शिकणार कधी? तू त्याला दुसऱ्या बाजूनं दोरीबाहेरच बसवतोयस.

कप्तान : सगळे आउट झाले की तो परत येऊ शकतो.

गुरुजी : तोवर त्याची नजर गेलेली असते. चाळीस कर.

कप्तान : चाळीस केली तर दोघांतच डाव संपेल. तीस.

गुरुजी : आणि मुली? माझ्याकडे क्रिकहिरोज ॲपवर स्कोअर भरणारी ती दहावीतली, तिचा थ्रो तुझ्या पॉइंटपेक्षा सरळ येतो. 2025 च्या नोव्हेंबरात नवी मुंबईत, इथून खाडीपलीकडे, आपल्या बायकांनी विश्वचषक जिंकला. ती मॅच बघितल्यापासून मला विचारते आहे. तिची चिठ्ठी डब्यात पडणार का?

कप्तान : तिची पडेल. पण तिच्या घरी तुम्ही जायचं, गुरुजी. मी सांगितलेलं तिचे आजोबा ऐकायचे नाहीत.

गुरुजी : जातो. आणि चषकाचा एक आठवडा ठेवायचा. चार नाही मागत. होळीच्या आधीचा एकच. त्याची सगळी प्रवेश फी आधी शेतमालकाला. त्याचा वाल बुडतो, आपण इतकी वर्षं त्याला नारळ-शालीवर भागवलं.

कप्तान : हे मला सुचायला हवं होतं. एक आठवडा कबूल. पण त्या स्पर्धेत आपला संघ बाहेरून खेळाडू आणणार नाही. रविवारच्या चिठ्ठ्यांतूनच निवडायचा.

गुरुजी : पहिल्या फेरीत हरू.

कप्तान : हरलो तर शनिवारी दहा वाजता हरू. पण दर रविवारी खेळून आलेले हरू. आणि पुढच्या रविवारी पुन्हा डबा आहेच.

गुरुजी : मग पस्तीस. तिसाला बाहेर बोलावलेला पोरगा स्पर्धेत शेवटचं षटक कसं खेळेल?

कप्तान : तीस, गुरुजी. स्पर्धेच्या आधीचे दोन रविवार मर्यादा उठवू.

गुरुजी : दोन नाही, तीन. आणि ते आत्ता लिहून ठेव, नाहीतर जानेवारीत तू विसरशील.